नळीवाल्या आणि बिननळीच्या

चिंच! नुसता शब्द वाचला तरी तोंडात काहीतरी झालं ना? चिंच समोर नाही, हातात नाही, तरी जिभेखाली पाणी जमलं. मी वर्गात फळ्यावर 'गाभुळलेली चिंच, वर तिखट-मीठ' एवढंच लिहिते आणि मागे वळून बघते. निम्मा वर्ग आवंढा गिळत असतो!

हे पाणी म्हणजे लाळ, आणि ती तयार करतात लाळग्रंथी. त्यांच्या मोठ्या तीन जोड्या आहेत. एक जोडी कानांच्या खाली-पुढे, दुसरी खालच्या जबड्याखाली आणि तिसरी जिभेखाली. दिवसभरात या सगळ्या मिळून साधारण एक ते दीड लिटर लाळ तयार करतात. म्हणजे तुमची शाळेची पाण्याची बाटली भरून वर थोडी उरेलच. लाळेनं घास ओला होतो हे तर खरंच, पण तिचं आणखी एक काम आहे. भाकरीचा किंवा पोळीचा कोरडा तुकडा तोंडात घ्या आणि न गिळता दोन-तीन मिनिटं चावत राहा. हळूहळू तो गोडसर लागायला लागेल. लाळेतलं विकर पिठूळ पदार्थाची साखर करायला तिथंच सुरुवात करतं.

रशियातल्या इव्हान पावलॉव्ह या शास्त्रज्ञाने कुत्र्यांच्या लाळेवर कितीतरी वर्षं प्रयोग केले. खाणं आणणाऱ्या माणसाची पावलं वाजली तरी कुत्र्यांना लाळ सुटायची. पावलॉव्हना पचनक्रियेवरच्या संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळालं. तेव्हा चिंच वाचून तोंडाला पाणी सुटलं म्हणून कुणी हसलं, तर खुशाल पावलॉव्हचं नाव सांगा.

ग्रंथी म्हणजे शरीरातला छोटासा कारखाना. रक्तातून कच्चा माल घ्यायचा, त्यापासून उपयोगी पदार्थ बनवायचा आणि बाहेर पाठवायचा. हा माल बाहेर कसा पाठवतात, त्यावरून ग्रंथींचे दोन मोठे प्रकार पडतात. पहिला प्रकार नळीवाल्या ग्रंथींचा. माल तयार झाला की नळीतून थेट हव्या त्या जागी, घरात नळाचं पाणी येतं तसा.

या प्रकारातल्या बहुतेक ग्रंथी तुमच्या रोजच्या ओळखीच्या आहेत. कातडीत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी आहेत. तळहातावर आणि तळपायावर त्या सगळ्यांत दाट. घाम वाळताना अंगातली उष्णता घेऊन जातो. माठातलं पाणी गार होतं, त्याच युक्तीने. डोळ्यांच्या वरच्या बाहेरच्या बाजूला अश्रुग्रंथी आहेत. रडताना नाकही वाहतं, कारण डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून एक बारीक नळी थेट नाकात उतरते. डोळ्यांत मावत नाही ते पाणी नाकावाटे आणि मग बाहीवर! केसांच्या मुळांपाशी तैलग्रंथी असतात. सातवी-आठवीत गेल्यावर त्या जास्त जोमाने काम करतात, त्यांची तोंडं बंद होतात आणि चेहऱ्यावर मुरुमं येतात. ती फोडू नका, डाग राहतात. कानातला मळ, आईचं दूध, जठरातला आंबट रस हेही सगळं नळीवाल्या ग्रंथींचंच काम. आणि शरीरातली सगळ्यांत मोठी ग्रंथी कोणती, माहीत आहे? यकृत. मोठ्या माणसात तिचं वजन जवळजवळ दीड किलो भरतं.

इथं जरा थांबून नावांचा घोळ सोडवू या. परीक्षेत हमखास होणारा घोळ आहे. 'गालगुंड' किंवा 'गालफुगी' झाली म्हणतात, तेव्हा कानाखालची लाळग्रंथी सुजलेली असते. तो विषाणूचा आजार आहे आणि तो एकाचा दुसऱ्याला होतो. 'गलगंड' म्हणजे गळ्याच्या पुढच्या बाजूला येणारी गाठ. ती निराळ्याच ग्रंथीची, तिच्याकडे थोड्या वेळाने येऊ. पायाला ठेच लागून जखम चिघळली की जांघेत गाठ येते. आजी म्हणते, "अवधाण आलंय." ती गाठ रोगजंतूंशी लढणाऱ्या पेशींची चौकी असते. तिलाही लोक ग्रंथी म्हणतात, पण ती काही रस बनवून पाठवत नाही. म्हणून आपल्या यादीत ती नाही.

आता दुसरा प्रकार. या ग्रंथींना नळीच नसते. मग माल जातो कुठे? सरळ रक्तात! आणि रक्त तर डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत सगळीकडे फिरतं. मग तो नेमक्या जागीच काम कसा करतो?

गावात दवंडी पिटतात ती ऐकली आहे का? हल्ली बहुतेक ठिकाणी रिक्षावर भोंगा लावून पुकारतात. "ज्यांची पाणीपट्टी थकली आहे त्यांनी उद्या ग्रामपंचायतीत यावे हो..." ऐकतं सगळं गाव, पण घाई सुटते ती फक्त पाणीपट्टी थकलेल्यांची. तसंच इथं होतं. रक्तातून निरोप सगळ्या पेशींपर्यंत जातो, पण तो ओळखणारी खूण ज्या पेशींजवळ असते त्याच कामाला लागतात. या निरोपाला म्हणतात संप्रेरक, म्हणजेच हार्मोन. शरीरात असे निरोप जातात हे १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघांनी दाखवलं. आतड्याकडे जाणारे मज्जातंतू तोडले, तरी आतड्यात आम्ल घातल्यावर स्वादुपिंड पाचकरस सोडतच होतं. म्हणजे निरोप मज्जातंतूंवाटे नव्हे, रक्तातून गेला होता. स्वादुपिंड हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे फार कामाचं आहे.

बिननळीच्या ग्रंथी आकाराने लहान, पण त्यांचा रुबाब केवढा! मेंदूच्या खाली लोंबणारी पियूषिका ग्रंथी वाटाण्याएवढी आहे. वजन सुमारे अर्धा ग्रॅम. पण ती बाकीच्या कित्येक ग्रंथींना हुकूम सोडते आणि तुमची उंची वाढवणारं संप्रेरकही बनवते. ते गाढ झोपेत सगळ्यांत जास्त सुटतं, तेव्हा "वेळेवर झोप" म्हणणाऱ्या आजीचं ऐकायला हरकत नाही. हे संप्रेरक फारच जास्त झालं तर काय होतं? अमेरिकेतल्या रॉबर्ट वॉडलोची उंची २७२ सेंटिमीटर झाली होती. तो १९४० साली अवघ्या बाविसाव्या वर्षी वारला.

मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अॅड्रिनलिन सोडतात. कुत्रं मागे लागलं की छातीत धडधडतं, डोळे विस्फारतात आणि एरवी कवायतीला कंटाळणारा मुलगा कुंपण ओलांडून पलीकडे पोचतो, ही तिचीच करामत. मुलींमधली अंडाशयं आणि मुलांमधली वृषणं याही ग्रंथीच. दहाव्या-बाराव्या वर्षाच्या आगेमागे पियूषिकेचा हुकूम आला की त्या जाग्या होतात. मुलांचा आवाज फुटतो, मुलींना पाळी येते. यात लाजण्यासारखं काही नाही. शंका असेल तर मैत्रिणीच्या मोठ्या बहिणीला विचारण्यापेक्षा आईला विचारा. आणि आई-बाबांनो, विचारलं तर "मोठी झालीस की कळेल" असं सांगू नका. तोवर ती मोठी झालेली असते.

आता गळ्यातली ग्रंथी. श्वासनळीच्या पुढच्या बाजूला, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी अवटू ग्रंथी असते. तिलाच थायरॉईड म्हणतात. शरीरातली चूल किती मोठी पेटवायची ते ती ठरवते. लहान बाळाच्या मेंदूची वाढ तर तिच्या संप्रेरकाशिवाय नीट होतच नाही. आणि या संप्रेरकासाठी लागतं आयोडीन.

किती लागतं? मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. वहीवर गणित करा. वर्षाला सुमारे ५५ मिलिग्रॅम, सत्तर वर्षांत चार ग्रॅमही भरत नाही. सगळ्या जन्माचं आयोडीन एका चहाच्या चमच्यात मावेल! पण ते एकदम खाऊन चालत नाही. रोज थोडं थोडं लागतं. मिळालं नाही तर बिचारी अवटू ग्रंथी जास्त काम करायला म्हणून वाढत जाते, गळा फुगतो, आणि त्यालाच म्हणतात गलगंड.

डोंगराळ भागात पाऊस आणि बर्फ जमिनीतलं आयोडीन धुऊन नेतात. हिमालयाच्या पायथ्याशी गलगंड घरोघरी असायचा. हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ साली डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक मोठा प्रयोग सुरू केला. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ द्यायचं आणि एका भागात साधंच. पाच-सहा वर्षांत पहिल्या दोन भागांतला गलगंड झपाट्याने कमी झाला. मग तिसऱ्या भागालाही आयोडीनचं मीठ देण्यात आलं. त्यातूनच १९६२ साली देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. मीठच का निवडलं? कारण गरीब असो की श्रीमंत, मीठ सगळेच खातात, आणि रोज जवळजवळ तेवढंच खातात.

हे मी मुलांपेक्षा मोठ्यांसाठी जास्त लिहिते आहे. हल्ली काही घरांत साधं मीठ बंद करून फक्त सैंधव वापरतात, का तर ते 'नैसर्गिक' म्हणून. उपवासाला वापरा की! पण आयोडीन घातलेलं नसेल तर रोजच्या स्वयंपाकाला ते पुरायचं नाही, आणि घरात बाळाची चाहूल असेल तर मुळीच नाही. मिठाच्या बरणीचं झाकण घट्ट लावा आणि बरणी शेगडीपासून दूर ठेवा. दमट हवा आणि उष्णता लागली की आयोडीन कमी होतं.

आता स्वादुपिंड. ही ग्रंथी जठराच्या मागे आडवी असते. लांबी सुमारे पंधरा सेंटिमीटर, म्हणजे कंपासपेटीतल्या पट्टीएवढी. गंमत म्हणजे ती नळीवालीही आहे आणि बिननळीचीही! तिचा बहुतेक भाग पाचकरस बनवतो आणि नळीने आतड्यात सोडतो. त्या भागात मधूनमधून पेशींचे छोटे छोटे पुंजके विखुरलेले असतात, समुद्रात बेटं असावीत तसे. पॉल लँगरहान्स या जर्मन विद्यार्थ्याला ते १८६९ साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. ते कशासाठी आहेत हे काही त्याला कळलं नाही. १८८८ साली तो वारला, आणि दुसऱ्याच वर्षी मिंकोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड काढून टाकलं तर त्याला मधुमेह झाला. म्हणजे रक्तातली साखर ताब्यात ठेवणारं काहीतरी त्या ग्रंथीत होतं.

तेव्हा मधुमेह झालेलं मूल म्हणजे वर्ष-दोन वर्षांचं पाहुणं. औषध नव्हतंच. उपाशी ठेवलं तर काही महिने जास्त जगायचं, एवढंच. स्वादुपिंड वाटून त्यातला गुणकारी पदार्थ काढायचे प्रयत्न अनेकांनी केले, पण हाती फारसं काही लागेना. का ते ओळखा पाहू! आतापर्यंत वाचलेल्यातच उत्तर आहे.

स्वादुपिंडाचा पाचकरस काय करतो? प्रथिनं पचवतो. आणि बेटांमधलं संप्रेरक हे प्रथिनच. एकाच ग्रंथीतले दोन शेजारी, आणि वाटायला घेतलं की एक दुसऱ्याला खाऊन टाकतो!

कॅनडातल्या फ्रेडरिक बँटिंग या तरुण डॉक्टरला १९२०च्या ऑक्टोबरात एका रात्री एक कल्पना सुचली. पाचकरसाची नळीच बांधून टाकली तर? रस बनवणारा भाग सुकून जाईल, बेटं तेवढी शिल्लक राहतील. १९२१च्या उन्हाळ्यात टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लाउड यांनी त्याला जागा दिली आणि मदतीला चार्ल्स बेस्ट हा बावीस वर्षांचा विद्यार्थी दिला. कुत्र्यांवर प्रयोग झाले. अर्क टोचला की मधुमेही कुत्र्याच्या रक्तातली साखर उतरायची. पुढे कळलं, की नळी बांधायची एवढी खटपट करायला नको, अल्कोहोल नीट वापरलं तर सबंध स्वादुपिंडातूनही संप्रेरक काढता येतं. पण सुरुवात झाली ती त्या नळीच्या विचारापासून.

११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. चौदा वर्षांचा मुलगा, वजन तीस किलोसुद्धा नाही. अर्क पुरेसा शुद्ध नव्हता. साखर फारशी उतरली नाही आणि टोचलेल्या जागी गळू झालं. जेम्स कॉलिप या रसायनतज्ज्ञाने बारा दिवस खपून अर्क शुद्ध केला. २३ जानेवारीला पुन्हा टोचला आणि या वेळी साखर झरझर खाली आली. लिओनार्ड आणखी तेरा वर्षं जगला. त्या संप्रेरकाचं नाव इन्सुलिन. लॅटिन भाषेत 'इन्सुला' म्हणजे बेट.

१९२३ साली बँटिंग आणि मॅक्लाउड यांना नोबेल मिळालं. बँटिंगने आपल्या वाट्याचे निम्मे पैसे बेस्टला दिले आणि मॅक्लाउडने कॉलिपला. पेटंट तर त्यांनी विद्यापीठाला प्रत्येकी एकेका डॉलरला देऊन टाकलं. बँटिंगचा वाढदिवस १४ नोव्हेंबर. तो दिवस १९९१ पासून जागतिक मधुमेह दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्याच दिवशी बालदिन असतो. हा योगायोग खरा, पण मला तो आवडतो, कारण इन्सुलिनने पहिल्यांदा वाचवलं ते एका मुलालाच.

आता आमच्या शाळेतली गोष्ट. चौथीत एक मुलगी होती, खो-खोत चपळ. एका पावसाळ्यात तिची पाण्याची बाटली पहिल्या तासालाच संपायला लागली. दर थोड्या वेळाने, "बाई, बाहेर जाऊ?" डबा रिकामा करायची, तरी फ्रॉक ढगळ होत चालला. घरी म्हणत, उंची वाढतेय म्हणून वाळली. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. रात्री अंथरूण ओलं व्हायला लागलं, त्याचं घरच्यांना नवल वाटलं, पण लाजेने कुणाला सांगितलं नाही. एके दिवशी तिला उलट्या झाल्या, धाप लागली, तेव्हा जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी बोटातून रक्ताचा एक थेंब घेतला आणि काय झालंय ते कळलं.

दोन आठवड्यांनी ती शाळेत परत आली, तेव्हा तिच्या बाकावर कुणी बसेना. "लागतो म्हणे." "गोड खाल्लं म्हणून झालं." मी त्या दिवशी गणित बाजूला ठेवलं आणि फळ्यावर स्वादुपिंड काढलं, बेटांसकट. मुलांना सांगितलं, की हा आजार एकाचा दुसऱ्याला होत नाही आणि चॉकलेट खाऊनही होत नाही. शरीरातले रोगजंतूंशी लढणारे शिपाईच गोंधळून आपली बेटं उद्ध्वस्त करतात. मग इन्सुलिन बाहेरून घ्यावं लागतं. गोळी का नाही चालत, असं एका मुलाने विचारलं. शेजारच्याने लगेच उत्तर दिलं, "पोटात गेलं की पचेल की रे!" मला फळ्यावर आणखी काही लिहायची गरज पडली नाही.

सुरुवातीला तिची आई दुपारी येऊन सुई टोचायची. सहावीत गेल्यावर ती स्वतःच टोचून घ्यायला लागली. आमच्या गावात वीज वरचेवर जाते, म्हणून इन्सुलिन मातीच्या मडक्यात गार ठेवतात. मधल्या काळात एकदा खो-खोच्या तासाला ती मध्येच खाली बसली. घामाघूम, हात थरथरत होते, बोलणं असंबद्ध. तिच्या मैत्रिणीने धावत जाऊन दप्तरातली ग्लुकोजची पुडी आणली आणि पाण्यात कालवून पाजली. दहा-पंधरा मिनिटांत गडी ठीक! पाठोपाठ तिने पोळीही खाल्ली.

इन्सुलिन घेणाऱ्याची साखर कधी कधी जास्तच उतरते, तेव्हा असं होतं. साखर, गूळ, सरबत, हाताशी असेल ते गोड लगेच द्यायचं. मात्र शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, ताबडतोब दवाखाना गाठायचा. आणि पालकांनो, मूल एकाएकी खूप पाणी प्यायला लागलं, सारखं लघवीला जायला लागलं, खाऊन-पिऊन वाळायला लागलं किंवा बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं, तर दृष्ट काढत बसू नका. त्याच दिवशी रक्तातली साखर तपासून घ्या. ती तपासणी एका मिनिटाच्या आत होते आणि तिला फक्त एक थेंब रक्त लागतं.